पोखर्णीचें औषधी बाड : घरगुती वैद्यकाच्या वाचनाविषयीं कांहीं सूचना

जुन्या कागदांच्या शोधांत हिंडणाऱ्या मंडळींस गांवोगांव एक अनुभव हटकून येतो. घरधनी सनदा, महजर, वंशावळी, पोथ्या मोठ्या अगत्यानें दाखवितात; आणि दप्तराच्या तळाशीं उरलेलें एखादें तेलकट, कडा झिजलेलें बाड बाजूस सारून म्हणतात, "यांत कांहीं नाहीं, आजोबांचीं औषधें आहेत." आम्हींही पुष्कळ वर्षें असलीं बाडें न उघडतां परत केलीं. परभणी जिल्ह्यांतील पोखर्णी येथें असें एक बाड वाचण्याचा योग आला, आणि तें वाचतांना आमच्या हातून एक चूक घडली. त्या चुकीनें आमचें मत पालटलें. तिची हकीकत व तीवरून सुचलेले वाचनाचे नियम संशोधक व संग्राहक यांच्यापुढें ठेवावे, एवढाच या लेखाचा हेतु आहे.

१. स्थल व बाड. पोखर्णी हें नृसिंहाचें ठाणें म्हणून मराठवाड्यांत प्रसिद्ध आहे. परभणीहून परळीस जाणाऱ्या लोहमार्गावर 'पोखर्णी नृसिंह' या नांवाचें स्थानकही आहे. त्याच मार्गानें पुढें गेलें असतां लागणारें परळी हें क्षेत्र वैद्यनाथाचें. तेव्हां वैद्यकाच्या बाडाचा शोध या वाटेवर लागावा, हें यथोचितच झालें. ज्या घरीं बाड मिळालें त्यांच्या इच्छेस मान देऊन त्यांचें नांव येथें देत नाहीं. बाडास आद्यन्त नाहीं, शक-मितीचा उल्लेख नाहीं. मजकूर मोडींत असून मधून मधून संस्कृत श्लोक बाळबोधींत उतरले आहेत. हात निदान तीन. पहिला हात टांकाचा व सुबक. तिसरा घाईचा असून त्याची शाई अलीकडची दिसते.

२. सल्ला विचारण्याची रीत. ग्रंथांत ज्वर, अतिसार, ग्रहणी असा रोगांचा क्रम असतो. बाडांत क्रम गाऱ्हाण्यांचा. पोट फुगतें त्यास, लेकरूं रात्रीं रडतें त्यास, ऊन लागलें त्यास, बाळंतिणीस दूध कमी त्यास, अशा मथळ्यांखालीं नोंदी आहेत. म्हणजे येणारा जें बोलला तेंच मथळा झालें. निदानाचा शब्द क्वचित्, आणि तोही समासांत. यावरून वैद्याच्या ओट्यावर काय चालत असे, याची अटकळ करतां येते. राजवैद्यास बोलावणें पाठविण्याजोगे हे रोग नव्हेत. शेतावर जातां जातां किंवा देवदर्शनाहून परततां परततां विचारलेल्या या गोष्टी. वैद्यानें भूक, झोंप व कोठा यांची चौकशी करावी, चार शब्द सांगावे, आणि तेच पुढें बाडांत यावे.

प्रत्येक नोंदीचीं अंगें चार : द्रव्य, मान, अनुपान व पथ्य. यांपैकीं अनुपान व पथ्य यांस नोंदींत जागा अधिक मिळालेली आहे, हें ध्यानांत घेण्यासारखें आहे. एकच हिरडा ऋतूप्रमाणें निरनिराळ्या अनुपानाबरोबर सांगितला आहे : पावसाळ्यांत सैंधवाशीं, शरदांत साखरेशीं, हेमंतांत सुंठीशीं, शिशिरांत पिंपळीशीं, वसंतांत मधाशीं व ग्रीष्मांत गुळाशीं. हा क्रम भावप्रकाशांतील ऋतुहरीतकीचाच होय. तान्ह्या मुलांच्या गुटीचें मान मात्र तोळ्यामाशांत नाहीं, वळशांत आहे. हिरडा, वेखंड, मुरुडशेंग, जायफळ हीं सहाणेवर किती वळसे उगाळावयाचीं तें सांगितलें आहे. ताजव्याची गरज नाहीं, व हात बाईचा. हीं पानें पुरुषाच्या अक्षरांत असलीं तरी सांगणारी घरांतील कोणी आजीच असली पाहिजे, असें आम्हांस वाटतें.

३. बाडाचें शास्त्रीय कुल. असल्या लेखनास अडाणी टोटके म्हणून सोडून देणें योग्य नाहीं. देवगिरीच्या यादवांच्या काळीं या मुलखांत वैद्यक हा राजमान्य विद्येचा विषय होता. महादेव व रामचंद्र यांचा मंत्री हेमाद्रि यानें वाग्भटाच्या अष्टांगहृदयावर 'आयुर्वेदरसायन' ही टीका रचिली. त्याच्या आश्रयास असलेला बोपदेव हा मुग्धबोध व्याकरणाचा कर्ता म्हणून सर्वश्रुत आहे. पण तो वैद्यकुलांतला होता. त्याचा पिता केशव यानें 'सिद्धमंत्र' लिहिला, त्यावर बोपदेवानें 'प्रकाश' लिहिला, व शिवाय 'शतश्लोकी' रचिली. त्याच दरबारीं संगीतरत्नाकर लिहिणारा शार्ङ्गदेव याचा आजा भास्कर काश्मीराहून दक्षिणेंत आला; त्या घराण्यांतही वैद्यक होतेंच, आणि रत्नाकराच्या आरंभीं नादाच्या आधीं देहाचें जें वर्णन येतें तें त्याचीच साक्ष देतें.

या पंडितांच्या ग्रंथांपासून ओट्यावरच्या वैद्यापर्यंत विद्या उतरली ती लहान, पाठांतरास सोप्या ग्रंथांच्या द्वारें. त्यांत जुन्नरकडील लोलिंबराजाचें 'वैद्यजीवन' प्रमुख होय. पत्नीस संबोधून रचिलेलें तें शृंगारिक काव्य वैद्याच्या मुलांनीं तोंडपाठ केलें, व त्याच्या प्रती जागोजाग झाल्या. पोखर्णीच्या बाडांतील बाळबोध श्लोक याच जातीचे आहेत. प्रत करणाऱ्यास व्याकरण येत नव्हतें. विभक्ति बिघडल्या आहेत. परंतु द्रव्यांचा क्रम मात्र बिघडलेला नाहीं, कारण पोट भरण्याचा संबंध विभक्तीशीं नव्हता, द्रव्यांशीं होता.

४. कालनिर्णयाचीं साधनें. मिती नसलेल्या बाडाचा काळ ठरविण्यास द्रव्यांचीं नांवें हेंच उत्तम साधन होय. चरकास मिरें ठाऊक आहे, मिरची ठाऊक नाहीं. ती फिरंग्यांबरोबर सोळाव्या शतकांत आली. चोपचिनी व तिनें बरा होणारा म्हणून सांगितलेला फिरंग रोग हीं दोन्हीं भावप्रकाशांत आहेत, त्यापूर्वींच्या संहितांत नाहींत. तंबाखू इ. स. १६०४-०५ च्या सुमारास असद बेगानें विजापुराहून अकबराच्या दरबारीं नेली, म्हणजे दक्षिणेंत ती त्याआधींच रुजली होती. कै. प. कृ. गोडे यांनीं अशा एकेका वस्तूच्या उल्लेखांचा माग काढण्याची जी रीत घालून दिली, ती येथें फार उपयोगी पडते. आमच्या बाडांत तिसऱ्या हाताच्या एका नोंदींत हिंवतापावर 'कोयनेल' आलें आहे. हें सत्त्व सिंकोनाच्या सालींतून प्रथम वेगळें केलें गेलें तें इ. स. १८२० त, सबब ती नोंद त्यानंतरची, हें निर्विवाद. मात्र यावरून सबंध बाड तेवढें अलीकडचें, असें अनुमान काढूं नये. एका नोंदीचा पुरावा त्या हातापुरताच.

दुसरें साधन भाषेचें. परभणी प्रांत सप्टेंबर १९४८ पर्यंत निजामाच्या राज्यांत होता, व तेथें युनानी वैद्यकास राजाश्रय होता. वैद्य व हकीम एकाच पेठेंतून काष्ठौषधी घेत. त्याचे ठसे बाडांत स्पष्ट आहेत. अर्क, माजूम, गुलकंद, मुरंबा, जुलाब, इसबगोल हे शब्द सुंठ-हिरड्याच्या पंक्तींत निःसंकोच बसले आहेत. 'सोनामुखी' हें नांव तर कानास अस्सल देशी वाटतें. पण मुळांत ती मक्केची सना, सनामक्की. आजाऱ्याला गुण कोणाच्या औषधानें येतो, याची पंचाईत असते. ग्रंथ कोणाचा, याची नसते.

५. मान, खुणा व आमची चूक. आतां मुख्य विषयाकडे वळूं. आठ गुंजांचा मासा व बारा माशांचा तोळा हें कोष्टक सर्वांस अवगत आहे. परंतु तोळा सर्वत्र व सर्वकाळ एका वजनाचा नव्हता. १८० ग्रेनांचा, म्हणजे सुमारें ११.६६ ग्रॅमचा तोळा कंपनी सरकारनें ठरविला तो इ. स. १८३३ त. शेर व मण यांचा तर पेठेगणिक फरक. संस्कृत ग्रंथांतही शार्ङ्गधर मागध व कालिंग अशीं दोन मानें सांगतो. सबब बाडांतील वजनाचें आजच्या वजनांत रूपांतर करतांना हात आखडता घ्यावा.

याहून मोठा धोका खुणांचा. आपल्या जुन्या हिशेबी लेखनांत एक उभी रेघ म्हणजे पाव, दोन रेघा म्हणजे अर्धा व तीन म्हणजे पाऊण. संस्कृत पोथ्यांत हीच एक रेघ म्हणजे विराम, व दोन रेघा म्हणजे श्लोकाची समाप्ति. ज्याचा डोळा पोथ्यांवर तयार झाला त्यास रेघ दिसतांच वाक्य संपल्यासारखें वाटतें. आमचा डोळा पोथ्यांवरच तयार झाला.

बाडाच्या दुसऱ्या हातांत थंडीतापावरच्या गोळ्यांची एक कृति आहे. सात द्रव्यें, त्यांत एक बचनाग. त्यापुढें 'तो' हें संक्षिप्त अक्षर व एक रेघ. आम्हीं वाचलें 'तोळा', व रेघेचा विराम केला. आंकडा नाहीं त्या अर्थीं एक तोळा, असा तर्कही चालविला. घरचा नातू शेजारीं बसून आमच्या तोंडून उतरून घेत होता. आम्हांस वाटलें, मुलगा हौशी आहे. निघतेवेळीं तो म्हणाला, "आजी सांगे, या गोळ्यांनीं ताप उतरतो. परभणीहून जिन्नस आणून करून पाहतों." आम्हीं मान डोलावली व गाडीस निघालों.

रात्रीं टिपणें साफ करतांना कृतीच्या शेवटची बेरीज नजरेस आली. इतर सहा द्रव्यांचें वजन नऊ तोळे भरत होतें. बेरजेंतही नऊच, व पुढें एक रेघ. बचनाग एक तोळा असता तर बेरीज दहा हवी. तेव्हां डोळे उघडले. बेरजेपुढची रेघ विराम नव्हे, पाव आहे : सव्वानऊ. आणि बचनागापुढचीही तीच : पाव तोळा. आम्हीं एक जहाल विष चौपट वाचलें होतें, आणि तें एका तरुणाच्या वहींत उतरवून आलों होतों.

ती रात्र कशी गेली तें लिहीत नाहीं. सकाळच्या पहिल्या गाडीनें पोखर्णीस गेलों. मुलगा घरीं होता, जिन्नस आणले नव्हते. त्याच्या वहींतील तें पान आमच्या हातानें काट मारून रद्द केलें, व त्याच्या आजीसमोर चूक कबूल केली. आजींनीं मात्र आमच्या ध्यानांत न आलेली आणखी एक गोष्ट सांगितली : बचनाग कच्चा कधीं घालीत नसत, आधीं गोमूत्रांत शुद्ध करीत. बाडांत त्याचें एक अक्षर नाहीं. शोधन वैद्याच्या हातचें. तें लिहिण्याची त्यास गरज वाटली नाहीं. आज औषध-नियमांच्या ई-१ या परिशिष्टांत वैद्याच्या देखरेखीवांचून घेऊं नयेत अशा विषारी द्रव्यांत बचनागाची गणना आहे, ती याच कारणानें. सारांश, पावाची रेघ नीट वाचली असती तरीही ती कृति वापरण्याजोगी ठरली नसती. बाडांत जें लिहिलें त्याहून जें गृहीत धरलें तें मोठें असतें.

६. नांवांचा घोळ. द्रव्यांचीं नांवेंही अशींच फसवितात. ब्राह्मी या एका नांवाखालीं दोन निराळ्या वनस्पति चालतात. रास्ना व पाषाणभेद यांची तीच गत. मलबारांत डच अधिकारी वान ऱ्हीड यानें 'होर्टुस मलबारिकुस' सिद्ध केला, तेव्हां रंगभट, विनायक पंडित व अप्पूभट या तिघां कोंकणी वैद्यांनीं इ. स. १६७५ त त्यास नागरी लिपींत साक्षपत्र लिहून दिलें. तो ग्रंथ १६७८ पासून १६९३ पर्यंत बारा खंडांत आम्स्टरडाम येथें निघाला. तेथें नांवाबरोबर चित्र आहे, म्हणून वाद मिटतो. बाडांत चित्र नाहीं. यास्तव नांव जसेंच्या तसें उतरावें, त्याचें संस्कृत किंवा शास्त्रीय नांव स्वतःच्या तर्कानें बसवूं नये, आणि त्या गांवची जाणती माणसें कोणत्या पाल्यास तें नांव देतात हें विचारून निराळें टिपावें.

७. उपसंहार. या बाडांचा उपयोग काय, असें कोणी विचारील. हळद जखमेवर लावावी, हें आपल्या घरचें पोरही जाणतें. तरी तेवढ्याच गोष्टीवर इ. स. १९९५ त अमेरिकेंत पेटंट दिलें गेलें. तें रद्द करविण्यास डॉ. रघुनाथ माशेलकर यांच्या नेतृत्वाखालील वैज्ञानिक व औद्योगिक संशोधन परिषदेस जुना लेखी पुरावा मांडावा लागला, व १९९७ त तें रद्द झालें. सर्वांस ठाऊक आहे हें म्हणणें पुरावा होत नाहीं. लिहिलेला कागदच पुरावा होतो. आणि तो कागद पुष्कळदां दप्तराच्या तळाशीं असतो.

म्हणून संग्राहकांस विनंति अशी. औषधी बाड फेंकूं देऊं नये. त्याचीं सर्व पानें, कोरीं व डागाळलेलीं धरून, छायाचित्रित करावीं. हात निरनिराळे टिपावे. रेघा हिशेबाच्या कीं विरामाच्या हें प्रत्येक ठिकाणीं बेरजेवरून ताडावें. बेरीज नसेल तर रेघ तशीच छापून अर्थ मोकळा ठेवावा. घरांतील वृद्ध स्त्रियांस विचारल्याशिवाय वाचन पुरें झालें असें समजूं नये. आणि घरच्या मंडळींस स्पष्ट सांगावें कीं, बाड हा गेलेल्या काळचा कागद आहे, चिठ्ठी नव्हे. प्रकृतीचा सल्ला हवा असेल तर तो आजच्या शिकलेल्या वैद्यास किंवा डॉक्टरास समक्ष विचारावा. बाडांतल्या वैद्यानेंही येणाऱ्याची भूक, झोंप व कोठा विचारल्यावांचून कोणास कांहीं दिलें नव्हतें.

असो. पोखर्णीचें बाड आतां त्या घरीं कापडांत बांधून देव्हाऱ्याशेजारीं ठेवलें आहे. नातवानें नव्या वहींत तीच कृति पुन्हा उतरली आहे. बचनागापुढें रेघ, व त्या रेघेखालीं अक्षरांत 'पाव'.