भ्रमणध्वनी संच, मागणीबरहुकूम निर्मिती

एखादी व्यापारी संस्था, दूरसंचार सेवा पुरविणारी कंपनी किंवा शासकीय खाते आपल्या कामाच्या गरजा ठरवून त्यांप्रमाणे उत्पादकाकडून मोठ्या संख्येने जे मोबाइल संच बनवून घेते, त्यांस मागणीबरहुकूम निर्मित भ्रमणध्वनी संच असे म्हणता येईल. बाजारात तयार मिळणारा संच सर्वसाधारण ग्राहक डोळ्यांसमोर ठेवून घडविलेला असतो. त्याचे नमुने थोड्याच काळात बदलतात आणि त्यात कोणत्या सोयी असाव्यात हे विक्रीच्या दृष्टीने ठरते. पार्सले वाटणारा कर्मचारी, वखारीतील मालाच्या नोंदी ठेवणारा कारकून, तेलशुद्धीकरण कारखान्यातील पर्यवेक्षक किंवा घरोघर फिरून माहिती गोळा करणारी सेविका यांच्या गरजा याहून वेगळ्या असतात. उन्हात वाचता येणारे पटल, हातमोजे घालूनही दाबता येणारी कळ, पट्टसंकेत वाचणारे साधन, पूर्ण पाळीभर टिकणारी बॅटरी आणि तोच नमुना चार-पाच वर्षे मिळत राहण्याची हमी यांना तेथे अधिक महत्त्व असते.

प्रकार : अशा निर्मितीचे उत्पादकाच्या सहभागानुसार तीन प्रकार मानता येतात. पहिल्या प्रकारात उत्पादकाकडील तयार संचावर ग्राहकसंस्थेची नाममुद्रा उमटविली जाते आणि आतील प्रणालीत किरकोळ फेरफार केले जातात. दुसऱ्या प्रकारात मूळ आराखडा उत्पादकाचाच असतो. मात्र कवच, बॅटरी, कॅमेरा, स्मृती इ. भाग ग्राहक निवडतो. तिसऱ्या प्रकारात आराखडाही ग्राहकाचाच असतो व कारखाना फक्त जुळणी आणि चाचणी यांचे काम करतो. व्यवसायासाठी घेतल्या जाणाऱ्या संचांत दुसरा प्रकार सर्वांत सोयीचा ठरतो. सर्वस्वी नवा संच घडविण्याचा खर्च पेलण्याइतकी मागणी फार थोड्या संस्थांकडे असते, हे त्याचे कारण होय.

ऐतिहासिक आढावा : कामापुरते खास हातसंच बनवून घेण्याची प्रथा आजच्या मोबाइल संचापेक्षा जुनी आहे. अमेरिकेतील युनायटेड पार्सल सर्व्हिस या कंपनीने १९९० च्या दशकाच्या आरंभी आपल्या गाडीचालकांसाठी ग्राहकाची सही थेट पटलावर घेणारे हातसंच तयार करवून घेतले व पुढे त्यांच्या सुधारित आवृत्त्या काढल्या. तैवानमधील एचटीसी ही कंपनी (स्थापना १९९७) प्रारंभी दुसऱ्यांच्या नावानेच संच बनवीत असे. यूरोपातील सेवाकंपन्यांनी २००२ मध्ये बाजारात आणलेले एक्सडीए व एसपीव्ही हे संच तिने घडविले होते.

या व्यवसायाला खरे वळण दक्षिण चीनमधील शेन्झेन येथे मिळाले. तैवानमधील मीडियाटेक कंपनीने (स्थापना १९९७) चिप आणि तिच्याबरोबर मंडलाचा नमुना-आराखडा व जवळजवळ तयार प्रणाली एकत्र विकण्यास सुरुवात केली, तेव्हा रेडिओ अभियांत्रिकीचे सखोल ज्ञान नसलेल्या लहान कारखान्यांनाही संच बनविणे शक्य झाले. चीन सरकारने २००७ मध्ये संच-उत्पादनासाठी लागणारी परवाना पद्धत रद्द केली. शेन्झेनमधील ह्वाछियांगबेई या बाजारपेठेच्या परिसरात साचे बनविणारे, पटले विकणारे, मंडले जुळविणारे आणि प्रणाली लिहिणारे एकमेकांच्या हाकेच्या अंतरावर आले. लाँगचियर (२००२), ह्वाचिन (२००५) व विंगटेक (२००६) या आराखडा-उत्पादक कंपन्या याच काळात उदयास आल्या. भारतात २००८ नंतर लोकप्रिय झालेल्या अनेक देशी नाममुद्रांचे संच प्रारंभी चीनमध्येच तयार होत. बोलीभाषेत ‘चायना मोबाइल’ म्हणून ज्याची हेटाळणी होत असे, त्याच साखळीतून पुढे नामांकित कंपन्यांनीही आपले कमी किमतीचे संच बनवून घेतले.

सेवाकंपनीने देशव्यापी प्रमाणावर खास संच बनवून घेतल्याचे भारतातील ठळक उदाहरण म्हणजे २०१७ मध्ये आलेला जिओफोन होय. जिओच्या जाळ्यावर दुसऱ्या व तिसऱ्या पिढीची सेवा नव्हती. त्यामुळे त्या काळी बाजारात असलेले कळांचे साधे संच तेथे निरुपयोगी होते. चौथ्या पिढीच्या जाळ्यावरून संभाषण करू शकणारा कळांचा स्वस्त संच या एका अडचणीतून जन्मास आला. १,५०० रु. अनामत घेऊन तो देण्यात आला.

गरजांची निश्चिती : संच मागविण्याच्या कामातील सर्वांत अवघड टप्पा कारखान्यात नसून मागविणाऱ्या संस्थेच्या कचेरीत असतो. काम प्रत्यक्ष करणाऱ्याला काय हवे, हे त्याला विचारून, लेखी नोंदवून आणि नंतर त्यात बदल न करता उत्पादकाला सांगावे लागते. अमेरिकेच्या २०१० च्या जनगणनेतील अनुभव या संदर्भात उद्‌बोधक आहे. प्रगणकांसाठी खास हातसंच व त्यांची प्रणाली तयार करण्याचा सु. ६० कोटी डॉलरांचा करार तेथील जनगणना कार्यालयाने २००६ मध्ये हॅरिस या कंपनीशी केला. जानेवारी २००८ मध्ये, म्हणजे काम बरेच पुढे गेल्यावर, कार्यालयाने चारशेहून अधिक नव्या अथवा सुधारित तांत्रिक अपेक्षा कंपनीला कळविल्या. परिणामी एप्रिल २००८ मध्ये प्रतिसाद न देणाऱ्या घरांच्या पाठपुराव्याचे मुख्य काम पुन्हा कागदी नमुन्यांवर करण्याचा निर्णय घ्यावा लागला. हातसंचांचा वापर पत्ते पडताळण्यापुरता उरला.

महाराष्ट्रातील अंगणवाडी सेविकांचा अनुभव निराळ्या प्रकारचा, पण तितकाच बोलका आहे. त्यांना २०१९ मध्ये घाऊक खरेदीतून देण्यात आलेल्या संचांची कार्यस्मृती २ जीबी होती. २०२१ मध्ये पोषण ट्रॅकर हा नवा अनुप्रयोग सक्तीचा झाला. जुन्या संचांवर तो नीट चालेना, ते तापू लागले, अडखळू लागले. दुरुस्तीचा खर्च पदरचा करावा लागतो अशी तक्रार करीत ऑगस्ट २०२१ मध्ये हजारो सेविकांनी आपले संच प्रकल्प कार्यालयांत परत केले. अनुप्रयोगाची भाषा मराठी असावी, हीही त्यांची मागणी होती. खरेदीच्या दिवशी पुरेशी वाटणारी क्षमता दोन वर्षांनी तोकडी पडली व तिचा भार अखेर मानधनावर काम करणाऱ्या स्त्रियांवर पडला. घाऊक खरेदीत दर संचामागे वाचविलेले काही शे रुपये कोणाच्या खिशातून जातात, हे निविदेच्या कागदांवरून सहसा कळत नाही.

तांत्रिक बाबी : संच कोणत्या देशात वापरावयाचा आहे, यावर त्याचे रेडिओ मंडल अवलंबून असते. भारतात चौथ्या पिढीसाठी ८५०, ९००, १,८०० व २,३०० मेगाहर्ट्‌झ यांसारखे कंप्रतापट्टे वापरात आहेत. अमेरिकेसाठी घडविलेल्या आराखड्यात यांपैकी काही पट्टे नसतात. असा संच स्वस्तात मिळाला, तरी खेडोपाडी तो मुका राहतो.

टिकाऊपणाविषयी ‘मजबूत’, ‘जलरोधक’ अशा विशेषणांवर विसंबून चालत नाही. धूळ व पाणी यांपासूनचे संरक्षण आंतरराष्ट्रीय मानकानुसार दोन अंकांनी दर्शवितात. ‘आयपी ६७’ या संज्ञेतील ६ हा अंक धुळीचा पूर्ण प्रतिबंध दाखवितो. ७ हा अंक १ मी. खोलीपर्यंतच्या पाण्यात ३० मिनिटे बुडून राहिल्यास अपाय होत नाही, असे दर्शवितो. पडण्याच्या चाचणीसाठी बहुधा अमेरिकी सैन्याच्या ८१० क्रमांकाच्या मानकाचा आधार घेतात. तीत सु. १.२२ मी. उंचीवरून पृष्ठे, कडा व कोपरे असे एकूण २६ आघात केले जातात. मात्र हे २६ आघात एकाच संचावर न करता पाच संचांपर्यंत विभागण्याची मुभा असते, ही गोष्ट जाहिरातीत येत नाही. ज्वालाग्राही वायू असलेल्या ठिकाणी नेण्याचे संच अंगभूत सुरक्षित असावे लागतात : त्यांतील विद्युत् ऊर्जा इतकी मर्यादित ठेवतात की, दोष उद्‌भवला तरी ठिणगीने वायू पेटू नये. नागपूर येथे मुख्यालय असलेली पेट्रोलियम व स्फोटके सुरक्षा संघटना अशा साधनांना मान्यता देते. खाणींसाठी धनबादच्या खाण सुरक्षा महासंचालनालयाची मान्यता लागते.

निर्मितीचे टप्पे व खर्च : गरजा निश्चित झाल्यावर अभियांत्रिकी नमुने, आराखड्याची खातरजमा करणारे नमुने व प्रत्यक्ष उत्पादनमार्गावर काढलेली लहान तुकडी अशा तीन पायऱ्यांनी काम पुढे सरकते. प्लॅस्टिकच्या कवचाचे पोलादी साचे हा यातील मोठा खर्च. साचा एकदा कापला की त्यातून धातू काढून टाकणे सोपे, पण भर घालणे कठीण असते. म्हणून कवचाच्या आकारात नंतर केलेला फरक फार महाग पडतो.

साचे, मंडलातील फेरफार, चाचण्या व प्रमाणपत्रे हा एकदाच येणारा खर्च असून तो संचांच्या संख्येवर विभागला जातो. समजा, तो ५० लाख रु. आहे. १,००० संच घेतल्यास दर संचामागे ५,००० रु. भार पडेल, ५०,००० संच घेतल्यास केवळ १०० रु. पडेल. यामुळेच उत्पादक किमान संख्येची अट घालतात. शिवाय मंडलावरील सूक्ष्म घटक हजारोंच्या गुंडाळ्यांत मिळतात आणि पटलांचे कारखाने लहान मागणीकडे लक्ष देत नाहीत. ज्या संस्थेला काहीशे संचच हवे असतील, तिने तयार मजबूत संच घेऊन त्यात आपली प्रणाली बसवावी, हे अधिक शहाणपणाचे.

माल ताब्यात घेताना प्रत्येक संच तपासणे शक्य नसते. मान्य नमुनापद्धतीने काही संच निवडून त्यांतील दोषांची संख्या ठरलेल्या मर्यादेत आहे की नाही ते पाहतात. ही तपासणी माल कारखान्यातून निघण्यापूर्वी, शक्यतो त्रयस्थाकडून व्हावी. पूर्ण रक्कम दिल्यानंतर आणि पेट्या बंदरावर उतरल्यानंतर काढलेल्या दोषांचा उपयोग पत्रव्यवहारापलीकडे फारसा होत नाही.

भारतातील नियम : मोबाइल संच हे भारतीय मानक संस्थेच्या सक्तीच्या नोंदणीखाली येतात, त्यांच्या बॅटरीसाठी स्वतंत्र मानक आहे. संचातून होणाऱ्या प्रारणाचे शरीरातील शोषण १ ग्रॅम ऊतीवरील सरासरीने दर किग्रॅ.ला १.६ वॉटपेक्षा अधिक असू नये, अशी मर्यादा १ सप्टेंबर २०१२ पासून लागू आहे. प्रत्येक संचाला पंधरा अंकी ओळख क्रमांक असतो. त्यातील पहिले आठ अंक संचाचा प्रकार दाखवितात, नंतरचे सहा अनुक्रमांकाचे असतात व शेवटचा अंक आधीच्या चौदांवरून गणिताने काढलेला पडताळ्याचा असतो. हे आठ अंक नियमानुसार मिळवावे लागतात. दुसऱ्या नमुन्याचे अंक उसने घेतलेले संच जाळ्यावरून बंद होण्याचा धोका असतो. १ जानेवारी २०२३ पासून पहिल्या विक्रीपूर्वी किंवा आयातीपूर्वी या क्रमांकांची केंद्र शासनाच्या संकेतस्थळावर नोंद करणे आवश्यक झाले आहे.

प्रणाली व गोपनीयता : बहुतेक व्यवसायोपयोगी संच अँड्रॉइड प्रणालीवर चालतात. मूळ प्रणाली मुक्त असली, तरी गूगलचे नकाशे, अनुप्रयोगांचे भांडार इ. बसविण्यासाठी संचाने ठराविक चाचण्यांत उत्तीर्ण होऊन परवाना मिळवावा लागतो. परवान्याशिवाय संच स्वस्त पडतो. पण नकाशांवर अवलंबून असलेला अनुप्रयोग त्यावर चालत नाही आणि ही बाब पुष्कळदा माल आल्यावरच ध्यानात येते.

अधिक गंभीर प्रश्न आत काय बसविले आहे हा होय. नोव्हेंबर २०१६ मध्ये क्रिप्टोवायर या अमेरिकी सुरक्षासंस्थेने असे उघड केले की, अमेरिकेत विकल्या जाणाऱ्या काही स्वस्त संचांतील, शांघाय येथील ॲडअप्स कंपनीची अद्ययावतीकरण प्रणाली वापरणाऱ्याचे लघुसंदेश व संपर्कांची यादी त्याच्या नकळत चीनमधील संगणकाकडे पाठवीत होती. ज्या कंपनीच्या नावाने संच विकले जात होते तिलाही याची कल्पना नव्हती. कारखान्यातून संच निघतानाच ट्रायडा हा घातक कार्यक्रम काही संचांत शिरलेला होता, असे गूगलने २०१९ मध्ये स्पष्ट केले. तेव्हा अद्ययावतीकरण कोणाच्या संगणकावरून होणार, त्यावरील सांकेतिक किल्ली कोणाच्या ताब्यात राहणार आणि सुरक्षा-दुरुस्त्या किती वर्षे मिळणार, हे करारात नमूद असावे लागते. साच्यांची मालकी, सुटे भाग आणि चिपचे उत्पादन बंद होण्यापूर्वी अखेरची मागणी नोंदविण्याची संधी यांविषयीची कलमेही तितकीच आवश्यक असतात. बॅटरी हा सर्वांत आधी निकामी होणारा भाग असल्याने ती स्थानिक कारागिराला बदलता येईल अशी रचना मागून घेणे हिताचे.

भारतातील उत्पादन : श्रीपेरुम्बुदूर येथील नोकियाचा कारखाना (२००६–१४) हा भारतातील या उद्योगाचा पहिला मोठा अध्याय होता. २०१७ मधील टप्प्याटप्प्याच्या निर्मिती कार्यक्रमाने आणि २०२० मधील उत्पादनाशी निगडित प्रोत्साहन योजनेने संचांची जुळणी मोठ्या प्रमाणावर देशात होऊ लागली. नोएडा, श्रीपेरुम्बुदूर व कर्नाटकातील कोलार जिल्हा ही त्याची प्रमुख केंद्रे होत. डिक्सन (स्थापना १९९३) यांसारख्या देशी कंपन्या दुसऱ्यांच्या नावाने संच जुळवितात. लाव्हा कंपनीने २०२१ मध्ये ग्राहकाने निवडलेल्या स्मृती, कॅमेरा व रंगानुसार संच बनवून देण्याची योजनाही आणली होती. तथापि चिपा, पटले, कॅमेऱ्याचे भाग व साचे यांबाबतीत भारतीय जुळणीकार अद्याप बव्हंशी आयातीवर अवलंबून आहेत. सुट्या भागांच्या निर्मितीसाठी केंद्र शासनाने २०२५ मध्ये स्वतंत्र योजना जाहीर केली. देशात मागणी नोंदविणाऱ्या संस्थेला कारखाना जवळ असल्याचा लाभ दुरुस्ती व तपासणी यांत मिळतो. नव्या आराखड्यासाठी मात्र तिचे अभियंते बहुधा अजूनही शेन्झेनलाच जातात.