पायाखालची जमीन – लेखांक ६ : काळीतले पाईल

पाईल म्हणजे जमिनीत उभा रोवलेला खांब. वरची माती इमारतीचा भार पेलत नसेल, तर हा खांब तो भार खालच्या भरवशाच्या थरापर्यंत पोचवतो. मुंबईत खाडीच्या गाळावरच्या इमारतींना पाईल लागतात ते यासाठीच. यवतमाळ जिल्ह्यातल्या काळीत मात्र अडचण बहुधा उलटी असते. तिथे घर खचण्यापेक्षा उचलले जाण्याची धास्ती अधिक.

काळ्या मातीत मॉन्टमोरिलोनाइट हे चिकणखनिज भरपूर असते. त्याच्या पापुद्र्यांमध्ये पाणी शिरले की माती फुगते. उन्हाळ्यात ती आकसते आणि शेतात हात जाईल एवढ्या भेगा पडतात. हा चढउतार साधारणपणे 3.5 मीटर खोलीपर्यंत जाणवतो, असे भारतीय बांधकामशास्त्र धरून चालते. त्याखालचा ओलावा बारमाही जवळपास सारखाच राहतो. जड, बहुमजली इमारत मातीचा फुगवटा बराचसा दाबून धरते. तडे जातात ते एकमजली शाळा, गोदाम, कुंपणाची भिंत अशा हलक्या बांधकामांना. पावसाळ्यात घराच्या कडेची माती आधी भिजून वर येते, मधली कोरडीच राहते, आणि खिडकी-दाराच्या कोपऱ्यांतून तिरपे तडे सुरू होतात. जुनी भाषा गावठाणाला पांढरी आणि शेताला काळी म्हणते. वस्ती वाढत पांढरीतून काळीत उतरली, तसा हा प्रश्न घरोघरी पोचला.

त्यावरचा देशी उपाय म्हणजे अंडर-रीम्ड पाईल. रुरकीच्या केंद्रीय इमारत संशोधन संस्थेने 1950 च्या दशकापासून तो विकसित केला. हा साधा गोल खांब असतो, पण बुडाशी कांद्यासारखा फुगलेला. खांबाचा व्यास 30 सेंटिमीटर असेल तर फुगवट्याचा व्यास त्याच्या अडीच पट, म्हणजे 75 सेंटिमीटर. त्यामुळे दोन कामे साधतात. टेकण्याची जागा वाढते, हे झाले एक. पण खरे महत्त्व दुसऱ्या कामाला आहे. फुगणारी माती खांबाच्या वरच्या भागाला चिकटून त्याला वर ओढते, तेव्हा स्थिर थरात रुतलेला फुगवटा नांगरासारखा अडतो. खांबाला दाबाबरोबर ताणही सोसावा लागत असल्यामुळे सळया वरपासून तळापर्यंत घालाव्या लागतात; वरच्या निम्म्या भागात सळया टाकून थांबणे ही काटकसर महागात पडते. मध्यम घट्ट जमिनीत 3.5 मीटर लांबीचा असा एक फुगवट्याचा पाईल सुमारे 16 टन भार घेतो आणि दोन फुगवट्यांचा सुमारे 24 टन.

या पद्धतीला मोठे यंत्र लागत नाही, म्हणून ती खेड्यात चालली. तिकाटण्याच्या आधाराने हाताने फिरवायच्या ऑगरने भोक पाडायचे, मग पाती उघडणारे अवजार तळाशी सोडून गोल फिरवायचे. कातलेली माती त्याच्याच बादलीत गोळा होते. भोक पाडले त्याच दिवशी काँक्रीट ओतलेले बरे, कारण ओल लागलेला फुगवटा ढासळतो. पाईलच्या डोक्यांवर बीम येतो आणि भिंत त्या बीमवर उभी राहते. पाईलसाठीच्या आयएस 2911 या भारतीय मानकाच्या तिसऱ्या भागानुसार फुगणाऱ्या जमिनीत बीमच्या तळाखाली किमान 80 मिलिमीटर मोकळी जागा ठेवायची असते. हीच जागा मुरूम ठोकून भरून टाकली, तर माती बीमलाच उचलते आणि पाईलवरचा सारा खर्च वाया जातो.

अर्थात जिल्ह्यात सगळीकडे पाईलची गरज नाही. बहुतांश भाग बेसाल्टवर बसलेला आहे आणि काळीखाली एक-दीड मीटरवर मुरूम लागत असेल, तर काळी काढून मुरुमावर साधा पाया घेणे स्वस्त आणि चांगले. मुरमात फुगवटा कातणेही अवघडच. आयआयटी मुंबईचे प्रा. आर. के. कट्टी यांनी सुचवलेली, न फुगणाऱ्या चिकट मातीचा सुमारे एक मीटरचा थर घालण्याची पद्धत कालव्यांच्या कामात विशेष उपयोगी पडते. पाईलची खरी जागा म्हणजे काळीचा थर जाड असलेली नदीकाठची खोरी.

पुलांची गोष्ट वेगळी. वर्धा किंवा पैनगंगेसारख्या नदीवर भार फार मोठा असतो आणि पुराने तळ खरवडला जातो. खडक जवळ असेल तर उघडा पाया किंवा विहीर पाया चालतो; नाहीतर मोठ्या व्यासाचे, यंत्राने भोक पाडून जागेवर ओतलेले पाईल घेतात. भोक कोसळू नये म्हणून लोखंडी नळी किंवा बेंटोनाइटचे पाणी वापरतात आणि टोक खडकात काही अंतर घुसवतात. दख्खनच्या बेसाल्टात इथे एक सापळा आहे. हा खडक लाव्ह्याच्या थरांवर थर साचून झालेला असल्यामुळे टणक थराखाली कधीकधी तांबडा, मऊ ‘बोल’ किंवा कुजका खडक निघतो. पहार आपटून खणखणीत आवाज आला म्हणून थांबणारा पाईल पातळ पापुद्र्यावरच उभा असू शकतो. चाचणीचे भोक पाईलच्या टोकाखाली आणखी काही मीटर नेतात ते यासाठी.

हातोड्याने ठोकायचे पाईल, पूर्वीचे लाकडी असोत की आजचे पोलादी किंवा तयार काँक्रीटचे, या खडकाळ भागात क्वचितच बसतात. त्यांना लागतो खोल, मऊ गाळ. शेजारच्या अकोला-अमरावतीच्या पूर्णा खोऱ्यात गाळ शंभर मीटरपेक्षाही जाड आहे. तिथे टोक खडकापर्यंत पोचण्याचा प्रश्नच येत नाही. पाईल अंगाशी घासणाऱ्या मातीच्या घर्षणावर तरतो.

वणी परिसरात बेसाल्ट संपून कोळशाचे गोंडवाना थर आणि चुनखडी लागते. खाणीतून निघालेल्या मातीचा भराव जिथे आहे, तिथे घर्षण उलटे फिरते. नवा भराव वर्षानुवर्षे खाली बसत जातो आणि पाईलच्या अंगाला धरून त्यालाही खाली खेचतो, म्हणजे भार पेलण्याऐवजी वाढवतो. अशा जागी भरावाच्या उंचीतले घर्षण आधारात न धरता भारातच मोजावे लागते.

पाईल जमिनीत गेला की तो दिसत नाही, म्हणून त्याला भार देऊनच पाहतात. सुरुवातीला वेगळा पाईल ओतून त्यावर ठरलेल्या भाराच्या अडीच पट भार चढवतात. नंतर प्रत्यक्ष कामातल्या मोजक्या पाईलवर दीड पट. काळीतल्या अंडर-रीम्ड पाईलची वर ओढूनही चाचणी घेणे सयुक्तिक, कारण तिथे त्याला खरा मार खालून बसणार असतो.