आत्या, पाळणा आणि मोबाईलमधलं नाव



मागच्या महिन्यात माझ्या भावाला मुलगी झाली. बारशाच्या दोन दिवस आधी त्याचा फोन आला. "ताई, तू आत्या. कानात नाव तूच सांगायचं. 'केली' सांग."

मला वाटलं, फोनमध्ये खरखर आहे. आई शेजारीच गहू निवडत होती. ती म्हणाली, "केली? कुणी काय केली?"

मग उलगडा झाला. मोबाईलवर फ्री फायर नावाचा खेळ आहे. आपल्या गावातली पोरं पारावर माना खाली घालून बसतात ना, त्यातल्या कितीतरी मोबाईलवर तो किंवा त्याच्यासारखा खेळ असतो. त्यात केली नावाची एक मुलगी आहे, वाऱ्यासारखी पळणारी. भावाला ती फार आवडते. म्हणाला, "माझी पोरगी पण अशीच पळाली पाहिजे."

सुरुवातीला मी चिडले. नंतर विचार केला, आपण तरी नावं कुठून आणत आलो? देवांची घेतली, नद्यांची घेतली, सिनेमातल्या नट-नट्यांची घेतली. सचिन तेंडुलकरचं नाव त्याच्या वडिलांनी संगीतकार सचिनदेव बर्मन यांच्यावरून ठेवलं. मग तो खेळायला लागला आणि गावोगावी पाळण्यात सचिन आले. ज्याचं कौतुक वाटतं, त्याचं नाव लेकराला द्यावंसं वाटतं. आजच्या बापाला मोबाईलमधल्या पात्राचं कौतुक आहे, एवढाच फरक.

जगातही हे जुनंच आहे. जपानमध्ये 1986 साली 'द लीजेंड ऑफ झेल्डा' नावाचा खेळ निघाला. त्यातल्या राजकन्येचं नाव झेल्डा. रॉबिन विल्यम्स या अमेरिकेतल्या मोठ्या विनोदी नटाला हा खेळ इतका आवडला, की 1989 साली मुलगी झाली तेव्हा त्यानं तिचं नाव झेल्डाच ठेवलं. आणि गंमत बघा, खेळातल्या राजकन्येचं नावही खऱ्या बाईवरूनच घेतलेलं. अमेरिकेत झेल्डा फिट्झगेराल्ड नावाची लेखिका होऊन गेली, तिच्यावरून. मारिओ नावाचा टोपीवाला मिशाळ गडी तुमच्या मुलांना माहीत असेल. त्याचं नाव तर खेळ बनवणाऱ्या कंपनीच्या अमेरिकेतल्या गोदामाच्या घरमालकावरून पडलं! म्हणजे नाव माणसातून खेळात जातं आणि खेळातून परत माणसात येतं. फ्री फायरमध्येच 'आलोक' नावाचं एक पात्र आहे. ते ब्राझीलच्या आलोक नावाच्या संगीतकारावर बेतलेलं आहे. आलोक म्हणजे उजेड. शब्द आपलाच, फिरून आपल्याकडे आला.

पण एक गोष्ट ऐकून मी सावध झाले. 11 नोव्हेंबर 2011 ला 'स्कायरिम' नावाचा खेळ बाजारात आला. कंपनीनं आधीच जाहीर केलं होतं, की त्याच दिवशी जन्मलेल्या बाळाचं नाव खेळातल्या नायकावरून 'डोव्हाकीन' ठेवा, आमचे खेळ जन्मभर फुकट मिळतील. एका जोडप्यानं ठेवलंही. फुकट खेळ आईबापाला मिळाले, नाव मात्र बाळाला जन्मभर वागवायचं. आपण आपल्या हौसेसाठी नाव ठेवतोय की बाळासाठी, हे आधी स्वतःला विचारायला हवं.

नावाचं ओझं काय असतं, हे आपल्याला दुसऱ्यांनी सांगायला नको. मुलगा हवा होता म्हणून पोरीला 'नकोशी', 'नकुसा' म्हणणारी घरं आपल्याच राज्यात होती. 2011 साली सातारा जिल्ह्यात जिल्हा परिषदेनं पुढाकार घेऊन अशा दोनशेहून जास्त मुलींना समारंभ करून नवीन नावं दिली. हाक मारली की आपण नको होतो याची आठवण, अशी शिक्षा कुठल्याच लेकराला नको. त्यापुढे 'केली' काय वाईट? पळणाऱ्या पोरीचं नाव आहे, बापानं प्रेमानं निवडलेलं.

आता कागदाचं बोलू. बचत गटाची खाती उघडताना माझा निम्मा वेळ नावं जुळवण्यात जातो. आधारवर माहेरचं नाव, रेशनकार्डावर सासरचं, बँकेत तिसरंच. तुम्ही हे हेलपाटे घातलेत. आपल्या लेकींना ते नकोत. म्हणून चार गोष्टी लक्षात ठेवा.

एक, जन्माची खबर 21 दिवसांच्या आत द्यायची. त्या वेळी नाव ठरलेलं नसलं तरी चालतं, नावाविना नोंद होते.

दोन, नाव नंतर घालता येतं. वर्षाच्या आत कुठलीही फी नाही. त्यानंतर विलंब शुल्क भरून पंधरा वर्षांपर्यंत घालता येतं. म्हणून घाई करू नका, पण विसरूही नका.

तीन, 1 ऑक्टोबर 2023 पासून जन्मलेल्या मुलांना शाळाप्रवेश, आधार, मतदार यादी, लग्नाची नोंद अशा कामांत जन्मतारखेचा पुरावा म्हणून जन्माचा दाखलाच लागणार आहे. दाखल्यावरचं नाव मराठीत आणि इंग्रजीत, दोन्हीकडे अक्षर न् अक्षर वाचून घ्या. परदेशी नाव असेल तर जास्तच. एक माणूस एक स्पेलिंग लिहितो, दुसरा दुसरं.

चार, आणि ही आपल्या मानाची. महाराष्ट्रात 1 मे 2024 पासून जन्मलेल्या बाळाचं नाव सरकारी कागदांवर असं लिहायचं: आधी बाळाचं नाव, मग आईचं, मग वडिलांचं, मग आडनाव. आपलं नाव आता लेकराच्या नावाला लागून येतं.

हे चौथं वाचूनच मला आठवलं, की आमच्या घरात सगळे बोलले, पण वहिनीला कुणी विचारलंच नाही. लग्नात तांदळावर लिहून तिचं स्वतःचं नावही बदललेलं. मी विचारलं तेव्हा ती बराच वेळ बाळाची दुपटी घड्या घालत राहिली. मग म्हणाली, "मी शाळेत खो-खो खेळायचे. पळायचे चांगली. नंतर पळणं सुटलं. हिचं नाव मुक्ता ठेवलं तर चालेल का?"

"चालेल का" असं विचारलं तिनं, स्वतःच्या लेकीसाठी.

बारशाच्या दिवशी मी बाळाच्या कानाला तोंड लावलं, "कुर्र" केलं आणि सांगितलं, मुक्ता. भाऊ थोडा रुसला. पण हाक मारायला त्यानं केलीच ठेवलंय, आणि आईही आता "केली, ए केली" करत पाळणा हलवते. दाखल्यावर मुक्ता आहे आणि तिच्या शेजारी तिच्या आईचं नाव आहे.

तर सख्यांनो, तुमच्या घरी पाळणा हलणार असेल तर नाव पोथीतलं घ्या, नदीचं घ्या, नाहीतर मोबाईलमधलं घ्या. ते मोठ्यानं हाक मारून बघा. शाळेत हजेरीला कसं वाटेल ते बघा. त्याचा अर्थ लेकराला अभिमानानं सांगता येईल का, ते बघा. आणि सगळ्यात आधी, जिनं नऊ महिने वागवलं तिला विचारा.