यंत्राला उशीर चालत नाही

मिलिंग यंत्र संगणकाने चालवायचे, तर आज्ञा अचूक असून भागत नाही. ती नेमक्या क्षणी पोहोचावी लागते. अमेरिकेच्या 'निस्ट' या मानक संस्थेत १९९०च्या दशकात झालेल्या कामातून उभी राहिलेली 'लिनक्ससीएनसी' ही मुक्त प्रणाली असे यंत्र साध्या संगणकावरून चालवते. तिच्यापुढील मूळ प्रश्न हाच आहे.

समजा, स्टेपर मोटरच्या एका फेऱ्याला २००० स्पंद लागतात आणि तेवढ्यात टेबल ५ मिलिमीटर सरकते. मिनिटाला ६ मीटर वेग हवा असल्यास सेकंदाला ४० हजार, म्हणजे दर २५ मायक्रोसेकंदांना एक स्पंद द्यावा लागेल. लिनक्सला मात्र त्याच वेळी पडदा, डिस्क, नेटवर्क अशी अनेक कामे सांभाळायची असतात. २०२४ मध्ये रिअल-टाइम सुविधा लिनक्सच्या मुख्य गाभ्यात समाविष्ट झाली, तरी काही मायक्रोसेकंदांचे मागेपुढे होणे उरतेच. तेवढ्यानेही वेगातील मोटर पाऊल चुकू शकते. जागा सांगणारा एन्कोडर नसेल, तर संगणकाला ते कळतही नाही आणि घडत आलेला सुटा भाग भंगारात जातो.

म्हणून स्पंद देण्याचे काम वेगळ्या चिपकडे सोपवले जाते. मायक्रोकंट्रोलर हा स्वस्त व परिचित पर्याय. परंतु तो मुख्यतः एकामागून एक सूचना पाळतो; मोटरी आणि एन्कोडर वाढले की कामांची रांग लागते. एफपीजीएमध्ये असंख्य लहान तार्किक घटक आराखड्यानुसार जोडून प्रत्यक्ष सर्किटच तयार होते. 'झायलिंक्स'ने अशी पहिली चिप १९८५ मध्ये बाजारात आणली. तिच्यात प्रत्येक मोटरीला स्वतंत्र स्पंदजनक आणि प्रत्येक एन्कोडरला स्वतंत्र गणक देता येतो. कोणी कोणासाठी थांबत नाही. 'मेसा इलेक्ट्रॉनिक्स'च्या कार्डांवरील 'होस्टमॉट२' ही रचना याच तत्त्वावर चालते. लिनक्स दर मिलिसेकंदाला फक्त वेग सांगते. वरील उदाहरणातील ४० स्पंद समान अंतराने सोडण्याची जबाबदारी एफपीजीएची.

याची किंमतही मोजावी लागते. चिप महाग पडते आणि नवा आराखडा करायचा, तर व्हेरिलॉग किंवा व्हीएचडीएल शिकावी लागते. त्रिमितीय मुद्रकांसाठीच्या 'क्लिपर' प्रणालीत लिनक्स संगणक प्रत्येक स्पंदाची वेळ आधीच ठरवतो आणि साधा मायक्रोकंट्रोलर ती पाळतो. तेथे तेवढे पुरते. मात्र अनेक मोटरी वेगाने फिरत असतील आणि प्रत्येकीची जागा क्षणोक्षणी मोजायची असेल, तेथे एफपीजीएवरील खर्च वाया गेलेल्या कामापेक्षा स्वस्त ठरतो.