इको नको, निनाद हवा!

बारामतीतल्या कुठल्याही मंडपात जा, साऊंडवाल्याला एक फर्माईश हमखास होते : "जरा इको वाढवा ओ!" इको वाढला की गाणाऱ्याला बरं वाटतं आणि ऐकणाऱ्याला शब्द कळेनासे होतात. खरं म्हणजे मागणाऱ्याला हवा असतो तो इको नव्हेच. शाळेत आपण सगळ्यांनीच घोकलंय, की प्रतिध्वनी वेगळा ऐकू यायला समोरची भिंत किमान 17 मीटर लांब हवी. भिंती जवळ असल्या की हजारो परावर्तनं एकमेकांत मिसळतात आणि आवाज नुसता रेंगाळतो. पुस्तकात त्याला निनाद म्हणतात, मिक्सिंग करणारे रिव्हर्ब म्हणतात.

हे सगळं आठवायचं कारण एक भजनी मंडळ. उजनीच्या पाण्यात गेलेल्या इंदापूर तालुक्यातल्या एका गावचं. गाव वर नव्या जागी बसलं, मंडळही टिकलं. त्यातल्या म्हाताऱ्या बुवांच्या चाली नव्या पोरांना शिकता याव्यात म्हणून आम्ही दोघा-तिघांनी रेकॉर्डिंग केलं. रस्त्याचा आवाज नको म्हणून देवळाऐवजी एका घरात, भिंतींना गोधड्या टांगून! आवाज स्वच्छ आला पण अगदी कोरडा. बुवांनी ऐकलं आणि म्हणाले, "सगळं बरंय बाळा, पण आपल्या जुन्या देवळात कसं घुमायचं, तसं येऊ दे की."

आता तुम्ही म्हणाल, त्यात काय, सॉफ्टवेअर उघडायचं आणि रिव्हर्ब लावायचा. पण कुठला? यादीत रूम, हॉल, चेंबर, प्लेट, स्प्रिंग, कन्व्होल्यूशन अशी ही लांबलचक नावं असतात, आणि प्रत्येकामागे एक खरीखुरी वस्तू आहे. चेंबर म्हणजे रिकामी खोली : एका टोकाला स्पीकर, दुसऱ्या टोकाला माईक. अमेरिकेत बिल पुटनम यांनी 1947 मध्ये चक्क स्टुडिओचं बाथरूम त्यासाठी वापरलं होतं. (आपण सगळे बाथरूममध्ये का गातो, ते कळलं?) स्प्रिंग गिटारच्या ॲम्प्लिफायरमध्ये असते, तिचा टणत्कार भजनाला उपयोगाचा नाही, म्हणून सोडून देऊ. प्लेट मात्र नवलाची गोष्ट. 1957 मध्ये जर्मनीच्या ईएमटी कंपनीने साधारण दोन मीटर लांब, एक मीटर उंच आणि जेमतेम अर्धा मिलिमीटर जाड पोलादी पत्रा चौकटीत ताणून टांगला. पत्रा आवाजाने थरथरतो आणि ती थरथर पिकअप उचलतात. पत्र्यात भिंती नाहीत, त्यामुळे खोलीचा भास होत नाही. आवाजाला फक्त चकाकी येते. लावणीच्या किंवा भावगीताच्या गळ्याला ती छान दिसते.

डिजिटल रिव्हर्बचं मूळ आपल्या डीएसपीच्या सिलॅबसमध्येच आहे. बेल लॅब्जच्या मॅनफ्रेड श्रोडर यांनी 1962 च्या पेपरमध्ये चार कोंब फिल्टर समांतर आणि त्यापुढे दोन ऑल-पास फिल्टर एकामागे एक अशी रचना मांडली. आजही मॅटलॅबमध्ये तासाभरात करून बघता येते. करून बघाच!

बुवांच्या देवळाकडे वळू. देऊळ पाण्याखाली, मोजायचं कसं? हार्वर्डच्या वॉलेस सबाइन यांनी सव्वाशे वर्षांपूर्वी सूत्र दिलंय : निनादकाळ = 0.161 × घनफळ ÷ एकूण शोषण. दगडी गाभारा 3 मीटर लांब, रुंद आणि उंच धरा. घनफळ 27. भिंती, जमीन, छत मिळून 54 चौरस मीटर. दगड जेमतेम 2 टक्के आवाज शोषतो, म्हणजे शोषण 1.08 आणि निनादकाळ 4 सेकंद. पण दार उघडं असतं! दोन चौरस मीटरच्या दारातून गेलेला आवाज परत येत नाही, म्हणून शोषण 3.04 आणि काळ 1.4 सेकंद. आत चार माणसं उभी केली, प्रत्येकी 0.45 धरून, की काळ उरतो 0.9 सेकंद. म्हणजे बुवांच्या आठवणीतलं ते घुमणं चार सेकंदांचं कधीच नसणार. शिवाय 3 मीटरच्या दोन भिंतींमध्ये 57 हर्ट्झ आणि त्याच्या पटीत 114 हर्ट्झला अनुनाद होतो. पुरुषाचा खर्ज तिथेच असतो. 'घुमणं' म्हणतात ते बरंचसं हे.

म्हणून सॉफ्टवेअरमधला 'कॅथेड्रल' बाद. हॉलही बाद, कारण दोन सेकंदांच्या शेपटीत जोडाक्षरं विरघळतात, आणि अभंगात शब्द गेला तर उरलं काय? लयीचाही हिशोब असतो. मिनिटाला 90 मात्रा असतील तर एक मात्रा 667 मिलिसेकंदांची. शेपूट मात्रेपलीकडे मोठ्याने रेंगाळली की पखवाजाचे बोल चिखलात रुततात. आम्ही 'रूम' घेतला, 0.9 सेकंदांचा. प्री-डिले 20 मिलिसेकंद, म्हणजे मूळ अक्षर आधी कानावर पडतं आणि घुमणं मागून येतं. पखवाजाला अगदी थोडा. टाळांना जवळपास नाहीच, कारण टाळ स्वतःच रेंगाळतो, त्यावर रिव्हर्ब म्हणजे नुसती सळसळ. रिव्हर्बच्या वाटेवर 6 किलोहर्ट्झच्या वरचा भाग कापला. दगडी खोलीतही तीव्र स्वर हवेत आधी विरतात.

आणखी एक. हे रेकॉर्डिंग वाजणार देवळावरच्या भोंग्यावर. भोंगा समोरच्या घरांवर आपटून स्वतःचा निनाद करतोच. म्हणून भोंग्यासाठी रिव्हर्ब निम्म्यावर आणलेली दुसरी प्रत केली. हेडफोनवर ती कोरडी वाटते, चौकात बरोबर वाटते. बुवांनी दोन्ही ऐकल्या. पहिली घरासाठी ठेवली आणि टाळ जरा मागं घ्यायला सांगितले.

खऱ्या दगडाचा आवाज हवा असेल तर कन्व्होल्यूशन. जागेत फुगा फोडायचा, त्याचा निनाद रेकॉर्ड करायचा. तो झाला त्या जागेचा इम्पल्स रिस्पॉन्स. कोरड्या गाण्याशी त्याचं कन्व्होल्यूशन केलं की गाणं त्या जागेत जाऊन बसतं. उजनीचं पाणी फार खाली गेलं की पळसदेवचं जुनं पळसनाथाचं देऊळ उघडं पडतं. त्या उन्हाळ्यात स्थानिक लोकांना विचारून, फुगे आणि रेकॉर्डर घेऊन जायचा बेत आहे. गाळ असतो, जुने बूट आणा. ज्यांना यायचंय त्यांनी ईएनटीसीच्या लॅबमध्ये नाव द्यावं!