उघडलेल्या डबीची मुदत

क्रीमच्या ट्यूबचे बूड जेथे दाबून बंद केलेले असते, त्या चपट्या पट्टीवर एक महिना आणि एक वर्ष नुसतेच ठशाने उमटवलेले असते; उजेडाकडे तिरपे धरल्यावाचून ते वाचता येत नाही, आणि जो चोखंदळ ग्राहक ते दुकानात वाचतो तोही घरी आल्यावर त्या बाबतीत निश्चिंत होतो. १९४० च्या औषधे व सौंदर्यप्रसाधने कायद्याखाली २०२० साली जे स्वतंत्र नियम अंमलात आले, त्यांनी ही मुदत छापणे उत्पादकावर बंधनकारक केले आहे. परंतु ही हमी मोहोरबंद मालापुरती असते. झाकण प्रथम उघडले की त्या क्षणापासून त्या वस्तूची दुसरी, पुष्कळच आखूड मुदत सुरू होते, आणि तिची नोंद आपल्यापैकी जवळजवळ कोणीच ठेवीत नाही.

युरोपीय संघाने या दुसऱ्या मुदतीसाठी एक चिन्ह ठरवून दिले आहे: झाकण उघडलेल्या डबीचे चित्र आणि त्यावर ‘६ एम’ किंवा ‘१२ एम’ असा महिन्यांचा आकडा. आपल्याकडे विकल्या जाणाऱ्या कित्येक डब्यांच्या तळाशीही ते आढळते.

या मुदतीचे मूळ कारण पाणी. दिवाळीचे उटणे कोरडे चूर्ण असते तोवर डब्यात महिनोन् महिने राहते, पण वाटीत दुधात कालवलेले उटणे उद्यासाठी ठेवावे असे कोणत्याही गृहिणीच्या मनात येत नाही. जिवाणू आणि बुरशी ओलाव्यावाचून वाढत नाहीत, हे ज्ञान तिच्या हातांना पूर्वापार आहे. क्रीम आणि लोशन म्हणजे तेल व पाणी यांचे एकजीव केलेले मिश्रण. म्हणूनच त्यात परिरक्षक द्रव्ये घालावी लागतात, आणि स्टॅफिलोकॉकस, सुडोमोनस, कँडिडा यांसारखे सूक्ष्मजीव मुद्दाम सोडून ती द्रव्ये त्यांचा किती त्वरेने निःपात करतात याची परीक्षाही प्रयोगशाळेत घेतली जाते. तथापि रुंद तोंडाच्या डबीत रोज दोनदा बोट बुडते, प्रत्येक खेपेस नवे जंतू आत जातात आणि परिरक्षकाचे बळ हळूहळू खर्ची पडते. दाबून क्रीम काढण्याची पंपाची बाटली यासाठीच श्रेयस्कर. कोरडी पावडर आणि लिपस्टिक त्या मानाने दीर्घायुषी असतात.

सर्वाधिक दक्षता डोळ्यांच्या प्रसाधनांविषयी हवी. मस्कराचा ब्रश पापण्यांना लागून पुन्हा त्याच अंधाऱ्या, ओलसर नळीत जातो, आणि हे नित्य घडते. सबब तो तीन महिन्यांनी टाकून द्यावा, असे या क्षेत्रातील जाणकार सांगतात. वाळलेल्या मस्करात पाण्याचा किंवा थुंकीचा थेंब घालून तो पुन्हा पातळ करण्याची सवय तर निखालस घातक होय. बुबुळावर बारीकसा ओरखडा असताना दूषित ब्रश लागला, तर सुडोमोनसचा संसर्ग दृष्टीवर बेतू शकतो. लग्नघरी एकच काजळकांडी वधूपासून करवलीपर्यंत सर्वांच्या डोळ्यांतून फिरते, तीही याच कारणास्तव थांबली पाहिजे. प्रत्येकीने आपापली कांडी आणण्यात परकेपणा मानण्याचे काहीच कारण नाही.

महागाची डबी सणासुदीपुरती जपून वापरण्यामागे जी काटकसर असते, तिच्याविषयी मला आदरच आहे. परंतु अशा जपण्याने वस्तू टिकत नाही, हे सांगणे भाग आहे. तेल खवट झाले की जुन्या शेंगदाण्यासारखा वास येतो, फाउंडेशनमधले पाणी वेगळे होते, क जीवनसत्त्वाचे सीरम हवा आणि उजेड लागून पिवळे, पुढे तपकिरी पडते. ही लक्षणे दिसताच वस्तू टाकावी. मात्र लक्षणे न दिसणे हा निर्दोषपणाचा दाखला नव्हे, कारण जंतूंची वाढ वासाने वा रंगाने कळेलच असे नाही.

सनस्क्रीनचे तर काहीच नजरेस येत नाही. ते जुने झाले तरी पूर्वीसारखेच मऊ लागते. त्यातील संरक्षण उणावले की नाही, हे कातडी भाजल्यावरच कळते. अमेरिकेत त्याची गणना औषधांत होते, आणि किमान तीन वर्षे गुण टिकल्याचे सिद्ध झाले असेल तरच मुदतीची तारीख न छापण्याची मुभा मिळते. नागपूर-चंद्रपूरकडे मे महिन्यात बंद मोटारीत ठेवलेल्या ट्यूबला मात्र छापील तारखेचा भरवसा देता येणार नाही. कोकणातल्या पावसाळ्यात न्हाणीघराच्या फळीवर ठेवलेल्या डबीचेही तेच; तिची जागा खोलीतल्या कोरड्या, थंड कपाटात.

आपल्या नियमांत पुढची दुरुस्ती होईल तेव्हा उघडल्यानंतरची मुदतही, मराठीत आणि सहज वाचता येईल एवढ्या ठसठशीत अक्षरांत, सक्तीची व्हावी, अशी मागणी ग्राहक संघटनांनी लावून धरली पाहिजे. तोवर झाकण उघडल्याबरोबर मार्कर पेनने डबीच्या तळाशी त्या दिवसाची तारीख लिहून ठेवावी.