'अ' की 'द'? उत्तर ऐकणाऱ्यापाशी

इंग्रजीचे लांबलचक शब्द पाठ केलेली मुलंसुद्धा दोन इवल्याशा शब्दांपाशी अडखळतात. 'अ' आणि 'द'. व्याकरणात यांना आर्टिकल किंवा उपपद म्हणतात. महाराष्ट्रात २००० सालापासून मराठी शाळांत पहिलीपासून इंग्रजी आलं, तरी हे अडखळणं संपलं नाही. चुकेल या भीतीनं कित्येक मुलं तोंडच उघडत नाहीत.

आपल्या सोलापुरात मराठी, कन्नड, तेलुगू आणि उर्दू एकाच गल्लीत नांदतात. या चौघींपैकी एकीकडेही इंग्रजीसारखं उपपद नाही. पण म्हणून त्यामागचा विचार आपल्याला परका आहे असं मात्र नाही.

हेच बघा. 'दुकानात गिऱ्हाईक आलं' असं म्हटलं, की कुणीतरी एक गिऱ्हाईक आलं. 'गिऱ्हाईक दुकानात आलं' म्हटलं, की ज्याची वाट बघत होतो ते आलं. शब्द तेच, फक्त जागा बदलली. इंग्रजी हेच काम उपपदाकडून करून घेते. पहिल्या वाक्यात 'अ कस्टमर', दुसऱ्यात 'द कस्टमर'.

आपली गोष्ट सुरू होते तीही अशीच. 'एक विणकर होता. त्या विणकराला दोन मुलं होती.' पहिल्यांदा 'एक', कारण ऐकणाऱ्याची त्याच्याशी ओळख नाही. मग 'त्या', कारण आता ओळख झाली. गंमत म्हणजे इंग्रजी 'अॅन' हा मुळात 'एक' या अर्थाचाच जुना शब्द. 'वन' त्याचा सख्खा भाऊ. 'द' हा 'दॅट'च्या कुळातला, म्हणजे आपल्या 'तो'सारखा. पुढे व्यंजनापूर्वी 'अॅन'मधला 'न' गळाला आणि 'अ' उरला. स्वराच्या उच्चाराआधी तो टिकला. इथं स्पेलिंग बघायचं नाही, कान लावायचा. म्हणून 'अॅन अवर', पण 'अ युनिव्हर्सिटी'.

मात्र प्रत्येक 'द'चं भाषांतर 'तो' होत नाही. 'दार लाव' म्हटल्यावर कुठलं दार, हे घरात कुणी विचारत नाही. आपण तिथं गप्प राहतो, इंग्रज 'द डोअर' म्हणतो. सूर्य, चंद्र एकेकच, म्हणून त्यांनाही 'द'. गावाच्या नावाला मात्र काही लागत नाही. सोलापूर नुसतं सोलापूर, पण नदी 'द भीमा'. कापूस महागला असं सर्वसाधारण बोलायचं तर नुसतं 'कॉटन'. काल घेतलेला कापूस म्हणायचं तर 'द कॉटन'.

अरबीत 'द'च्या जागी 'अल्' आहे. 'अल्जिब्रा' या शब्दात तो आजही दिसतो. निजामुद्दीन, शमसुद्दीन या नावांतही तोच आहे, फक्त पुढच्या 'द'मुळे त्याचा 'ल' 'द'मध्ये विरघळला. म्हणजे आपल्या मोहल्ल्यातली माणसं नकळत नावातच उपपद घेऊन हिंडतात.

एवढ्याशा शब्दाला इतकं महत्त्व कशाला, असं कुणी विचारील. २२ नोव्हेंबर १९६७ रोजी संयुक्त राष्ट्रांच्या सुरक्षा परिषदेनं ठराव क्रमांक २४२ मंजूर केला. इस्रायलनं त्या वर्षीच्या युद्धात व्यापलेल्या प्रदेशांतून सैन्य मागे घ्यावं, असं त्यात आहे. इंग्रजी मसुद्यात 'प्रदेश' या शब्दाआधी 'द' नाही, फ्रेंच मसुद्यात उपपद आहे. मग सगळ्या प्रदेशांतून की काही प्रदेशांतून? हा वाद अर्धशतक उलटलं तरी मिटलेला नाही. आपल्या घरभाड्याच्या इंग्रजी करारातही 'अ रूम' म्हणजे कुठलीही एक खोली, 'द रूम' म्हणजे ठरलेली खोली. सही करण्याआधी तेवढं बघून घ्यावं.

तेव्हा कागदावर लिहिताना काटेकोर राहा. बोलताना मात्र एखादं 'द' राहिलं तर अर्थ सहसा बुडत नाही. त्यासाठी मुलाला वाक्याच्या मध्येच थांबवू नका. त्याला नियमांची यादी देण्याऐवजी एकच प्रश्न शिकवा: 'मी कशाबद्दल बोलतोय, ते समोरच्याला ठाऊक आहे का?' ठाऊक असेल तर 'द', नसेल आणि वस्तू एकच असेल तर 'अ'. सगळी कोडी यानं सुटणार नाहीत, पण बरीच सुटतील. आणि समोरच्याचा विचार करून बोलणं कुठल्याही भाषेत उपयोगीच पडतं.